दीपमाळेवरचे ठाणे आणि भैरवनाथाचा कौल

हे भैरवनाथा, तुझ्या चरणी मस्तक ठेवून आरंभ करतो. तुझ्याच पायरीवर आमचे भजनी मंडळ रोज सायंकाळी बसते. भजन घटकाभर, गप्पा दोन घटका! त्यामुळे अभंग विस्मरणात जातात आणि किस्से मात्र साठत राहतात.

मार्गासनीवरून आत वळले की आमचे गाव. देवळाच्या ओवरीतच अंगणवाडी भरते. देवाचे आणि लेकरांचे अंगण एकच. पानशेतला फिरायला येणारी पुण्याची तरुण मंडळी मध्यंतरी आमच्या दीपमाळेपुढे मोबाईल धरून, मान खाली घालून उभी राहू लागली. मंडळाचे अध्यक्ष रामभाऊ गहिवरले. "बगा, शहरातली पोरं, पर भक्ती केवडी!"

एका तरुणाने उलगडा केला, "काका, या दीपमाळेवर आमच्या गेमचं ठाणं आहे. इथे राक्षस पकडता येतो."

रामभाऊ चकित! "आमचा जलम गेला हितं, एकबी घावला न्हाई!"

*

एका मुलीला रामभाऊ म्हणाले, "ताई, चपला काढा." ती म्हणाली, "काका, मी देवळात नाहीये, गेममध्ये आहे!"

शरीराने देवळात आणि मनाने अन्यत्र असणे आम्हा भजनकऱ्यांनाही परके नाही.

*

अंगणवाडीच्या सुनंदाबाईंना मात्र हसू येईना. "मोबाईल लेकरांकडं रोखून उभी ऱ्हात्यात. राक्षस धरत्यात का फोटू काढत्यात, मला कसं कळावं? आया पोरं धाडंनात. पोरंच न्हाई आली तर अंगणवाडी दुसऱ्या गावी नेतील!"

त्यांच्या लेकीने गेमचा नियम शोधून काढला : देवळात ठाणे चालते, बालशाळेच्या आवारात चालत नाही. तक्रार गेली. कंपनीने विचारले, "ही जागा देऊळ की बालशाळा?"

गाव जगाच्या नकाशावर आल्याच्या आनंदात असलेले रामभाऊ म्हणाले, "कळवा, शाळा न्हाई. लेकरं देवाची, म्हणून देवळात बसत्यात!"

*

कंपनीला उत्तर जाण्याआधी बैठक बसली. ठराव असा : लेकरे असतील तोवर आवार शाळा समजावे, ती घरी गेली की देऊळ!

सुनंदाबाईंनी विचारले, "आन् लेकरं असताना भैरोबानं कुठं जायाचं?"

ठराव बारगळला.

*

अखेर देवालाच कौल लावायचे ठरले. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओले फूल चिकटवले. उजवे पडले तर ठाणे राहील. डावे पडले तर रामभाऊंनी स्वतः कंपनीला 'बालशाळा' असे कळवायचे. सारे गाव सभामंडपात रांगा धरून, हात जोडून, निःशब्द बसले. फूल हलेना.

ओवरीतून लेकरांनी हे पाहिले. मोठी माणसे रांगेत हात जोडून बसली, म्हणजे खिचडी आली! ती ताटल्या घेऊन धावली, आमच्या रांगांत शिरली आणि डोळे मिटून सर्वांनी भोजनाचा श्लोक असा ठोकला की गाभारा दणाणला.

डावे फूल टपकन खाली!

रामभाऊ उसळले, "ह्यो कौल न्हाई! पोरांच्या आरड्यानं पडलं फूल!"

सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "व्हय का, अध्यक्ष? मग ढोलाच्या दणक्यात पडलेलं समदं कौल माघारी घ्या. तुमच्या अध्यक्षपदाच्या कौलापासनं!"

रामभाऊंनी खिशातून मोबाईल काढला आणि 'बालशाळा' लिहायला घेतले.

ज्यांनी हे ऐकले, त्या सर्वांना भैरवनाथ उदंड आयुष्य देवो. आणि घरोघरी असाच लेकरांचा गलबला नांदो!