पिवळे पट्टे

मास्तरांना पूर्वी कशाचीच किळस यायची नाही. गाडी शिकवण्याच्या धंद्यात नाक मुरडून भागतच नाही. शिकायला आलेल्या माणसाने घाबरून सीटवरच ओकावं आणि मास्तरांनी "होतं असं, होतं असं" म्हणत पायपुसणं नळाखाली धरावं, इतका शांत गडी. नवऱ्यांना बायकांसमोर शिकवलं, बायकांना नवऱ्यांसमोर शिकवलं, आणि तरी डोकं शाबूत ठेवलं. याहून मोठी परीक्षा कुठली? पण माणसाची किळस बसायची होती ती बसलीच, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतली.

झालं असं. मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस म्हणजे काचेच्या दाराची एक खोली, आणि शेजारी भाड्याने घेतलेलं फरसबंदी आवार. रस्त्यावर नेण्याआधी नवख्या माणसाला या आवारात गाडी मागे घ्यायला, चौकटीत लावायला शिकवायचं. पट्टे आधी खडूने आखायचे. पाऊस आला की गेले, झाडू मारला की गेले. एकदा मास्तरांनी ठरवलं, आता कायमचं काम करायचं. रस्त्याला मारतात तसला पिवळा रंग आणला. मास्तरीणबाईंनी दोरी धरली, यांनी ब्रश मारला. दिवसभर उकिडवे बसून बसून कंबरेचा काटा ढिला झाला, पण पट्टे असे सरळ आले की दोघं कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या चौकटीत एक गाडी उभी! दुपारपर्यंत सगळ्या चौकटी भरल्या. शेजारी जिम, समोर दातांचा दवाखाना, कोपऱ्यावर कॉफीचं दुकान. सगळ्यांच्या गिऱ्हाइकांना एकदम साक्षात्कार झाला की इथे पार्किंग निघालंय. आणि मास्तरांची दोन ब्रेकवाली गाडी, म्हणजे ज्यात मास्तरांच्याही पायाशी ब्रेक असतो ती, बिचारी रस्त्यावर.

"अहो, ही खाजगी जागा आहे," मास्तर एका सूटवाल्याला म्हणाले.

"मग पट्टे कशाला आखलेत?"

"शिकवायला!"

"आम्हाला येतं की," म्हणाला आणि गेला कॉफी प्यायला.

मास्तरांनी बोर्ड लावला. बोर्डाला टेकवून एकाने गाडी लावली आणि वर म्हणतो, बोर्ड दिसला नाही! साखळी लावली, तर कुणीतरी कडी उपटून साखळी व्यवस्थित गुंडाळून पायरीवर ठेवली. व्यवस्थित गुंडाळून, हं! चोराला एवढी टापटीप कशाला हवी? मग मास्तरांनी रबराचे लाल शंकू मांडले. एक शंकू कुणी डिकीत घालून घेऊन गेलं. दुसऱ्यात कुणाच्या तरी पोराचं भरलेलं डायपर निघालं. मास्तरांनी तो शंकू उचलला, आत डोकावले, आणि ज्या माणसाने दुसऱ्यांच्या ओकाऱ्या धुतल्या होत्या त्याने नाक मुरडून तो लांब भिरकावला. कारण ओकारी माणसाला आवरत नाही. हे कुणीतरी सावकाश, नीट घडी घालून केलं होतं.

पोलिसांनी कानावर हात ठेवले. खाजगी जागेत आम्ही काय करणार? नगरपालिकेतला साहेब तर हसलाच. "पट्टे तुम्हीच आखता आणि गाड्या आल्या की बोंब मारता?"

"अहो, पुसून टाका ते पट्टे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "करा काळा रंग आणि व्हा मोकळे. खडू काय वाईट होता?"

मास्तरांनी एक वेळ ऐकलंही असतं. पण अडकले ते सिस्टरसाठी.

सिस्टर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातल्या नर्सबाई. सगळे सिस्टर म्हणतात म्हणून मास्तरही सिस्टर म्हणायचे. नवरा वारलेला, घरात एकटी पोर. आईची रात्रपाळी असली की ती पोर आतून कडी लावून, कडीला खुर्ची लावून झोपायची. हे सिस्टरनीच एकदा गिअर बदलता बदलता सांगितलं आणि गाडी बंद पाडली. आता त्यांना एका संस्थेत दिवसाचं काम मिळत होतं. गाडी घेऊन घरोघर फिरायचं, अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी, इंजेक्शनं करायची. अट एकच, लायसन. आणि सिस्टर परीक्षेत दोनदा नापास झालेल्या. पुढे झकास चालवायच्या, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की हातपाय गळायचे. संस्थेने सांगितलं होतं, ही तारीख शेवटची, नाहीतर जागा दुसरीला.

"पट्ट्याचा कोपरा मागच्या काचेच्या कोपऱ्यात दिसला की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं," मास्तर घोकून घ्यायचे. "भिऊ नका. पट्टा चावत नाही."

पण कोपरा दिसायला पट्टा मोकळा तर हवा! सिस्टर पाळी संपवून, डोळे तांबारलेले, धावतपळत यायच्या आणि आवार गच्च भरलेलं असायचं. मग दोघं गाडीत बसून वाट बघायची. जिममधून एखादा घाम पुसत यायचा, सावकाश पाणी प्यायचा, मोबाइल बघायचा, दंडाचा फोटो काढायचा. तोवर सिस्टरची पोरीसाठी घरी परतायची वेळ झालेली. एकदा त्या म्हणाल्या, "मास्तर, जाऊ द्या. माझ्या नशिबात नाही." मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नशीब कसलं? एक माणूस दंड फुगवायला गेला होता, त्याला काय नशीब म्हणायचं?

"पट्टे राहतील," मास्तर त्या दिवशी घरी म्हणाले. "सिस्टर पास होईपर्यंत एक रेघ पुसायची नाही."

"आणि गाड्या?"

"गाड्यांना मी आडवा होतो."

आणि झाले की! परीक्षेआधीचे सगळे दिवस दोघं नवरा-बायको आवाराच्या तोंडाशी पहारा देत होते. बाकीच्या शिकवण्या बंद. मास्तर भर उन्हात स्टूल टाकून बसायचे, ते जेवायला गेले की मास्तरीणबाई. लोक काय काय बोलले, ते लिहायचीही लाज वाटते. दातदुखीवाल्या एका बाईने फुगलेल्या गालाने शिव्या दिल्या. एकाने गाडी मास्तरांच्या गुडघ्याला लागेपर्यंत पुढे आणली आणि हॉर्नवर हात ठेवून बसला. "म्हातारं झालंय, मरायला टेकलंय, आणि जागा अडवून बसलंय," असं एक चांगलं शिकलेलं पोरगं त्यांच्या तोंडावर बोललं. मास्तर उठले नाहीत. गुडघा मात्र आठवडाभर सुजलेला होता.

आत सिस्टर गाडी मागे घेत होत्या. आधी पट्ट्यावर चढली, मग पट्ट्याला घासली, मग तिरकी बसली. आणि एका दुपारी अशी बसली, अशी बसली की दोन्हीकडे सारखीच जागा! मास्तरांनी स्टुलावरूनच टाळ्या वाजवल्या. मास्तरीणबाई ऑफिसातून धावत आल्या. सिस्टर स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होत्या.

पास झाल्या. परीक्षा घेणाऱ्याने म्हणे विचारलं, कुणी शिकवलं? सिस्टर फुलं घेऊन आल्या, पोरीलाही आणलं. पोरगी मास्तरांच्या दोन ब्रेकवाल्या गाडीत बसून दोन्ही ब्रेक दाबून बघत होती. "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही," सिस्टर म्हणाल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी बायकोला म्हणाले, "बघ, जगात सगळेच काही तसले नसतात." इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. बाईंनीही पट्टे पुसायचा विषय काढला नाही.

पुढे महिनाभरानंतरची गोष्ट. एक शिंपी शिकायला आला होता. वय झालेलं, कापड मापून मापून पाठ वाकलेली, भित्रा माणूस. मास्तर त्याला गाडीत बसवून आवाराशी आले, तर मधल्या चौकटीत एक पांढरी गाडी. बाकी चौकटी नेहमीप्रमाणे भरलेल्या, तेवढी एक मास्तरांनी पहाटे उठून दोन स्टुलं ठेवून राखली होती. स्टुलं भिंतीशी नीट एकावर एक रचून ठेवलेली.

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात गाडीतून निळा गणवेश उतरला. हातात औषधांची पेटी.

"मास्तर!" सिस्टर तोंडभर हसल्या. "कसे आहात? गुडघा बरा आहे ना? इथे दवाखान्याच्या वर एक आजी आहेत, रोज इंजेक्शन आहे त्यांना. आता रोज भेट होणार आपली."

"सिस्टर, ही गाडी..."

"संस्थेची आहे. छान आहे ना?"

"अहो, पण इथे शिकवणी असते. तुम्हाला तर ठाऊक आहे."

"दोनच मिनिटं हो," सिस्टर चालता चालता म्हणाल्या. "आणि तुमची जागा म्हणून लावली. परक्याच्या दारात गाडी लावायची मला मेलीला लाज वाटते."

गेल्या रस्ता ओलांडून. शिंपी गाडीत अंग चोरून बसला होता. मास्तर खाली उतरले आणि सवयीने पांढऱ्या गाडीच्या मागे जाऊन वाकून बघू लागले. दोन्हीकडे जागा सारखी होती, चाकं सरळ होती, पट्ट्याला कुठे स्पर्शही नव्हता. त्यांना अशी शिसारी आली की ते तिथेच भिंतीला धरून उभे राहिले.

ऑफिसच्या दारातून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "अहो, कुणाची गाडी आहे ती? कुणी शिकवलंय यांना असं कुणाच्याही जागेत घुसायला?"

"मी," मास्तर म्हणाले.