कुमुदचा कार्यानुभवाचा तास

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकात रिक्षा थांबवत होते. तिचा भाचा सुधीर म्हणाला, "मावशी, कुमुदमावशी गेली... झोपेतच." हात हलवून मी रिक्षा परत पाठवली. गुलमंडीजवळच्या एकाच प्राथमिक शाळेत आम्ही जन्मभर शिकवलं, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं आणि जवळजवळ रोज भांडलो.

पोलिस अ‍ॅक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, गावातल्या मंडळींनी काढलेली ती शाळा. मी गणिताची, कुमुदकडे तिसरीचा वर्ग आणि कार्यानुभव. इतर शाळांत या तासाला कागदाची फुलं आणि आगपेट्यांची घरं व्हायची. कुमुदला त्याचा भारी तिटकारा. "त्या फुलांनी कुणाचं अडलेलं काम झालं?" असं विचारायची. ती पोरांना शाळाभर फिरवायची आणि कुणाला कशाचा त्रास होतो ते बघायला लावायची. मधे बोलायचं नाही, शहाणपणा शिकवायचा नाही, नुसतं बघायचं. "तुझी पोरं शिकतात की लोकांवर पाळत ठेवतात?" मी चिडवायचे. ती हसून माझ्या डब्यातलं लोणचं उचलायची.

एका वर्षी हेडमास्तरांनी तिचा तास काढून शिष्यवृत्तीच्या तयारीला द्यायचं ठरवलं. बराच वाद झाल्यावर म्हणाले, "यंदाच्या शालेय प्रदर्शनात काहीतरी करून दाखवा, मग बघू." कुमुदचा जीव त्या तासात होता, ती दोन घास नीट जेवेना. तिच्या पोरांनी तोवर हेरलं होतं, की पहिलीतल्या चिमुरड्यांना माठातलं पाणी काढता येत नाही, अर्धं अंगावर सांडतं. म्हणून त्यांनी फळ्या जोडून एक चौकट केली. दांडी ओढली की माठ पुढं वाकायचा. हेडमास्तर बघायला आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माठ जास्तच वाकला, निसटला, फुटला. पोरं रडकुंडीला आली. मला वाटलं, गेला हिचा तास. कुमुद मात्र पदर खोचून त्या चिखलात बसली आणि म्हणाली, "कुठपर्यंत वाकल्यावर सुटला? कुणी बघितलं का?"

प्रदर्शनात जिकडंतिकडं थर्माकोलचा दौलताबादचा किल्ला, बापांनी खपून केलेला. कुमुदच्या टेबलावर नव्या चौकटीशेजारी फुटक्या माठाच्या खापऱ्या मांडलेल्या! परीक्षकांनी नाक मुरडून विचारलं, "हा कचरा कशाला आणला?" मेंढपाळाच्या घरची गंगू पुढं झाली. "ह्यो पयला माठ हाय, सर. लई वाकला अन् फुटला. मग आमी मागून दोरी बांधली. आता नाय फुटत."

बक्षीस अर्थातच एका किल्ल्याला मिळालं. पण चौकट व्हरांड्यात आली आणि पहिलीची पोरं आपल्या हातानं पाणी घेऊ लागली. हेडमास्तर चहाचा कप घेऊन ते बघत उभे राहायचे. तास काढायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. कुमुद निवृत्त होईपर्यंत तो तास टिकला. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तिला तसं तोंडावर सांगितलंही.

परवा तिच्या घरी गेले. भिंतीवर तिचा फोटो, रिवाजाप्रमाणे चांगला उंच. तिची धाकटी बहीण शांता, सुधीरची आई, पाठीतून वाकलेली. फूल वाहायला तिनं हात उंचावला, पुरेना... तेव्हा फूल खालच्या टेबलावर ठेवून गुपचूप आत गेली. मी चहा घेत बघत होते. मग म्हणाले, "सुधीर, खिळा खाली घे."

"मावशी, फोटो वरच शोभतो."

"कुणाला? आईला विचार."

शांता दारातूनच म्हणाली, "व्हय रे. माझा हात पुरंल."

सुधीरनं हातोडी आणली. फोटो खाली आला. शांतानं स्वतःच्या हातानं फूल वाहिलं, बहिणीच्या गालावरून बोटं फिरवली आणि इतक्या दिवसांनी मोकळेपणानं रडली. मीही रडले.

"वरचं भोक बुजवतो," सुधीर म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "पहिला खिळा कुठं ठोकला होता ते दिसू दे."