छत्रधारी पणजोबा

काकांनी मला मुलुंडला आपल्या ब्लॉकच्या गॅलरीत झोपायला जागा दिली आणि ओळखीने घाटकोपरच्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून चिकटवलं. बाप गेलेला, शाळा सातवीत सुटलेली, गावाहून आणलेली एक वळकटी. अशा माणसाला याहून जास्त कोणी काय द्यायचं? ते उपकार मी आजही मानतो. हे आधीच लिहून टाकतो, कारण यापुढे काकांबद्दल चांगलं लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. रेशनिंगच्या कचेरीत हेडक्लार्क होऊन रिटायर झालेले. पहिली दोन वर्षं त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडण्यात काढली. मग वरच्या मजल्यावरच्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला, चांगला कापडी बांधणीचा, आणि एक प्रत काकांना भेट दिली. झालं. आपल्यालाही कूळ आहे हे काकांना त्या दिवशी आठवलं.

आमचं कूळ मागे जाऊन जाऊन जातं किती, तर काकांच्या आजोबांपर्यंत, म्हणजे माझ्या पणजोबांपर्यंत. त्यांच्यामागे कोणाला काही ठाऊक नाही. राणीच्या राज्यात कोकणातल्या एका लहानशा बंदरगावात ते जकातीच्या नाक्यावर शिपाई होते. गोरा साहेब वखारी तपासायला निघाला की त्याच्या डोक्यावर छत्री धरायची, हे त्यांचं काम. छत्री साहेबापुरतीच असायची. एका पावसाळ्यात असेच भिजून तापाने फणफणले आणि गेले. माझे वडील हे हसत हसत सांगायचे.

काकांच्या वहीत हेच गृहस्थ 'छत्रधारी' झाले. 'साहेबांच्या दरबारी ते छत्रधारी होते व सेवेत असतानाच त्यांनी देह ठेवला.' जकातनाक्याचा दरबार झाला आणि ताप तर गायबच झाला. मुखपृष्ठावर राजछत्र हवं आणि खाली दोन सिंह, असंही ठरलं. सिंह कशाला, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. माझी तर नव्हतीच.

मजकूर अर्थातच आमच्या छापखान्यात आला आणि जुळवायला माझ्याकडे. अक्षरांचे खिळे जुळवताना हात डोक्याचं ऐकत नाही, सवयीचं ऐकतो. पहिल्या प्रूफात मी 'छत्रीधारी' जुळवून ठेवलं होतं. एक वेलांटी जास्त. काकांनी लाल पेन्सिलीने त्याला असा गोल केला की कागद फाटला.

"सातवी शिकलेल्याच्या हातात घराणं दिलं, चूक माझीच," गॅलरीच्या दारात उभं राहून ते म्हणाले. "जमत नसेल तर दुसरीकडे सोय बघ."

कामाची सोय की झोपायची, हे मी विचारलं नाही. पुढे आठवडाभर त्या घरात मी चपलांचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

शेवटचं प्रूफ वाचून दाखवायला काकांनी एका रविवारी नातेवाईक जमवले. प्रत्येकाला आपलं नाव कितव्या पानावर आहे एवढंच बघायचं होतं. भांडुपहून आत्या आली. ही काकांची थोरली बहीण. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर चाळीतल्या खोलीत एकटीच राहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण छत्रीवाल्याच्या बायकोच्या, म्हणजे आपल्या आजीच्या हाताखाली वाढलेली अशी तीच एक उरली होती. काकांनी तिला काही विचारलं नव्हतं. कुलवृत्तांतात तिची जागा 'कन्या एक' एवढीच.

'छत्रधारी' हा शब्द काकांनी घसा खाकरून वाचला. आत्या फिसकन हसली.

"छत्रधारी कसलो रे? सायबाच्या डोक्यार छत्री धरी होतो. आपण भिजान मेलो."

दोघंतिघं खाली बघून हसली. अडाण्यांनी यात पडू नये, असं काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. माझे वडीलही त्याच आजीच्या घरात वाढले होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

"तू सांग. तुझा बाप काय म्हणायचा?"

मी बसलो होतो तिथून गॅलरीतली माझी वळकटी दिसत होती.

"छत्रधारीच म्हणायचे," मी म्हटलं.

एरवी मला पेल्यात चहा मिळायचा. त्या दिवशी काकांनी काकूंना सांगून कपबशीत देवविला. मी तो प्यायलो, आणि चांगला लागला हेही लिहायला हवं.

पुस्तक निघालं. कागद मळकट, सिंहांची मांजरं झालेली. आत्याची प्रत पोचवायला काकांनी मलाच भांडुपला पाठवलं. ती तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, आजोबांचं काय छापलंय ते वाच. मी पान उघडलं आणि तिथे नसलेलं वाचलं. साहेबावर छत्री धरायचे, स्वतः भिजायचे, त्यातच ताप येऊन गेले. शेवटपर्यंत, न अडखळता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"ह्या सगळा तुका ठावक होता, तर त्या दिवशी तोंड कशाक शिवलंस?"

आता खोटं सुचेना. गॅलरीतून बाहेर काढलं असतं तर गेलो कुठे असतो आत्ये, असं म्हणालो.

"मगे माझ्या खोलयेक काय आग लागली होती?"

मुंबईत आल्यापासून चार वर्षांत त्या खोलीत मी कितीदा जेवलो होतो. पण बाहेरचा नळ, वरचे पत्रे, ओळीने लागलेले दरवाजे. तिथे आपण राहू शकतो हे एकदाही मनात आलं नव्हतं. दुसऱ्याच्या ब्लॉकच्या गॅलरीत झोपून झोपून मीही ब्लॉकवाला झालो होतो. काकांना निदान मोठं व्हायला चाळीस पानं छापावी लागली.

तिने पुन्हा सूप ओढलं आणि जेवूनच जा म्हणाली. मी जेवलो, आणि मुलुंडला परत गेलो.