हात थांबतो तेव्हा

माधव गेल्याचा निरोप आला, तेव्हा माझी पत्नी कमल मुलुंडच्या आमच्या देवळात लक्षवातींच्या संकल्पाच्या वाती वळत बसली होती. मी हलकेच सांगितले. तिचा हात थांबला... आणि त्या शोकाच्या क्षणीही माझ्या मनात मत्सराचा काटा हलला.

माधव माझा शाळासोबती, समाजशास्त्राचा अभ्यासक. देवळातील लोकजीवनाचा अभ्यास करण्यास तो काही वर्षांपूर्वी आला, तेव्हा प्रारंभी सारेच टिपून घेई: दर्शनाची रांग, चपलांवरून होणारी भांडणे, माझे प्रवचनही. पुढे त्याने रांग सोडली, प्रवचन सोडले आणि मागच्या बाजूस वाती वळणाऱ्या स्त्रियांजवळ एका बुटक्या स्टुलावर तो बसू लागला. काही आठवड्यांनी त्यांचे बोलणेही सोडून केवळ हात पाहू लागला.

"अरे, एवढं देऊळ सोडून हात काय बघतोस?" मी विचारले.

"सगळं बघत होतो ना, तेव्हा काहीच दिसत नव्हतं रे शास्त्र्या. आता हात थांबतात कधी, तेवढंच बघतो. वहिनींचा थांबतो, माहितीये?"

"माझ्या निरूपणात. तल्लीन होते ती."

"कसलं निरूपण, यार! कोणी तान्हं बाळ पहिल्या दर्शनाला आणलं ना, की थांबतो."

आम्हांला अपत्य नाही. ते दुःख आम्ही केव्हाच ईश्वरचरणी वाहिले, अशी माझी श्रद्धा होती. घरी कमलला विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "भावोजींना ठाऊक आहे. माझा हात थांबला की त्यांचं लिहिणंही थांबतं."

ज्या हातांनी रोज माझ्या पूजेची तयारी केली, त्यांचे मौन दुसऱ्या कोणास कळावे! माधवच्या ग्रंथांचा, सन्मानांचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या बुटक्या स्टुलाचा मात्र वाटला, अजूनही वाटतो.

हल्ली प्रवचन आटोपले की मी त्याच स्टुलावर जाऊन बसतो. परवा एक जोडपे बाळाला घेऊन आले. कमलचा हात थांबला. मी जपमाळ थांबवली. बाळ गाभाऱ्यापर्यंत जाऊन परत गेले... मग तिने कापसाचा एक पुंजका माझ्या तळहातावर ठेवला.

"वळा," ती म्हणाली. "भावोजींना मी कापसाला हात लावू दिला नव्हता हो कधी."