अमीरबीनं उचलून आणलेलं घर

जुनी घरं उतरवून त्यांचं लाकूड विकायचं, हा अमीरबीचा धंदा. नवरा गेल्यावर पेठ वडगावची वखार तिनं एकटीनं चालवली. घर उतरवायच्या आधी ती प्रत्येक खांबावर, तुळईवर चुन्यानं आकडा घालायची, म्हणजे ते पुन्हा तसंच जोडता येई. घाईनं लाकूड फोडणाऱ्या गड्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसे.

साठीला आल्यावर तिनं स्वतःसाठी घर उचललं. नृसिंहवाडीकडचं, दोन पुरांनंतर मालकानं सोडून दिलेलं सागवानी घर. आकडे घातलेली दोनशे चौदा लाकडं कोल्हापूरच्या कडेला असलेल्या सोसायटीत, तिच्या प्लॉटवर उतरली.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी मृत्युंजय नियमांचा कागद घेऊन आले.

"बाई, इथं जुनं साहित्य चालत न्हाय. बंगल्यांची सोसायटी हाय ही, भंगारबाजार न्हवं."

"नकाशा पास झालाय, सायब. इंजिनियरचा दाखलाबी हाय."

"त्यो तुमच्यापाशी ठेवा. आमचा नियम आमच्यापाशी."

रविवारी बैठक झाली. तिला कुणी बसा म्हटलं नाही. तुमची वाळवी आमच्या घरात शिरंल, पुराचा वास येतोय, असं एकेक जण बोलत राहिला. अमीरबीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती मृत्युंजयांकडं वळली.

"तुमच्या पुढच्या दाराला बिजागरीखाली एक भोक बुजवलंय बघा. ते म्या बुजवलंय. तुमच्या इंटेरियरवाल्यानं ते दार माझ्या वखारीतनं नेलं. कागलातल्या शंभर वर्साच्या घराचं हाय ते."

मागं कुणीतरी हसलं. मृत्युंजय उठून गेले.

आठवड्यात त्यांनी ते दार काढून लोखंडी बसवलं. जुनं दार अमीरबीच्या प्लॉटसमोर चिखलात फेकलं. त्याच दिवशी सोसायटीच्या बोअरचं पाणी तिला बंद झालं. दारावरचे ओरखडे बघून तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

"आत घ्या," ती गड्यांना म्हणाली. "धुऊन मागल्या बाजूला बसवू."

टँकरच्या पाण्यावर काम चालू राहिलं. सोसायटीनं महापालिकेत तक्रार केली. साहेब आले, कागद तपासले, खांब ठोकून बघितले आणि काम न थांबवता गेले. चार महिन्यांत घर उभं राहिलं. घरभरणीला सोसायटीतलं एक माणूस फिरकलं नाही. पुढच्याच बैठकीत मृत्युंजयांनी नियम आणखी कडक करून घेतला : यापुढं दारं-खिडक्याही नव्याच.

आज दोन वर्षं झाली. बोअरचं पाणी अजून सुटलेलं नाही. रस्त्यात गाठ पडली तर दोघंही सरळ डोळ्यांत बघतात आणि बोलत नाहीत.

बहिणीच्या मुलीनं, मेहकनं, एकदा विचारलं, "खाला, असल्या लोकांत कशाला ऱ्हायचं?"

"घर उचलता येतंय मला," अमीरबी म्हणाली. "पर ह्यांच्या भ्यानं न्हाय उचलायची."