अजून धुवायचंय

"मामा, अजून धुवायचंय." विश्रामबागच्या कॉलेजात आमच्या मॅडमचं हे रोजचं बोलणं. मी तिथला जुना शिपाई, रिटायर झाल्यावरही लॅबसाठी ठेवून घेतलेला. स्वच्छ झालेलंही ज्यांना स्वच्छ वाटत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मॅडम पक्क्या शाकाहारी आणि काम खेकड्याच्या कवचांचं. ती मासळीबाजारातून मी आणायचो. घरी गेलो की बायको उंबऱ्यातच अडवायची. "आवं, आदी आंगूळ करा! आन् मॅडमला म्हणावं, कवातरी आतला खेकडा बी पाठवा."

कवचातून मॅडम पांढरी पूड काढायच्या आणि तिला रसायनानं काहीतरी जोडायच्या. काय जोडायच्या, ते मला आजवर समजलं नाही. त्यानं म्हणे जंतू मरतात, जखम भरते. मग ते नळीसारख्या पिशवीत भरून पाण्यात सोडायचं, म्हणजे उरलेलं रसायन बाहेर येतं. सकाळ-संध्याकाळ पाणी मी बदलायचं. शेवटी ते काचेवर वाळवलं की पातळ पापुद्रा निघायचा.

बायकोला साखर होती. तिच्या टाचेची जखम भरेना. डॉक्टर पाय काढायचं बोलू लागले. मी मॅडमकडे पापुद्रा मागितला.

"मामा, हा अजून उंदरालासुद्धा लावलेला नाही."

म्हणजे आमच्या मंडळींचा नंबर उंदराच्या मागं! मला लय राग आला. दुसऱ्या दिवशी काचेवरचा एक पापुद्रा रुमालात घालून घरी नेला.

"मॅडमला इचारलं का?" बायको म्हणाली.

"न्हाई."

"मग जावा, ठिवून या. चोरून आणलेलं मी लावणार न्हाई."

परत नेला आणि खरं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी नखाएवढा तुकडा कापून बशीतल्या जिवंत पेशींवर ठेवला. दोन दिवसांनी मला दुर्बिणीत बघायला लावलं. सगळ्या आकसून गोळा झालेल्या. मेलेल्या.

"हा फरक बघायला न धुताच वाळवलेला होता, मामा."

मी खिशातला रुमाल काढून नळाखाली धरला.

पुढं पाय काढला, तरी बायको गेली. तेरावं करून कामावर आलो, तर मॅडम पळतच दारात आल्या. "मामा, जगल्या! धुतलेल्याखाली सगळ्या पेशी जगल्या!" आणि माझ्याकडे बघून त्यांनी तोंडावर हात धरला. मला आनंद झाला, का त्यांच्या कानाखाली मारावीशी वाटली, खरंच सांगता येत नाही. त्यांनी घाई केली असती तर पाय वाचला असता का? का तो न धुतलेला लावून मीच तिला आधी घालवली असती? बरोबर कोण होतं, अजून उमगत नाही.

मॅडम गेल्या महिन्यात लांबच्या नोकरीवर गेल्या. बरणीत एक पिशवी तशीच आहे. "मी थांबा म्हणेपर्यंत पाणी बदला," म्हणाल्या होत्या. थांबा म्हणायला विसरल्या, का मुद्दाम मला काम ठेवून गेल्या? फोन करून विचारता येईल. विचारत नाही.

पाणी कधीचंच नितळ दिसतंय. सकाळी ते ओततो आणि दुसरं भरतो.