हसनाबादच्या रस्त्यावर थांबलेली चतुर्थी

दोन वर्षं मी राजूरच्या गणपतीशी बोललो नव्हतो. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. माझी पत्नी गेली आणि हात जोडून उभं राहण्याची माझी इच्छाच संपली, एवढंच. संकष्टी आली की तिचा उपवास आठवायचा, देव्हाऱ्यासमोर पाय क्षणभर थांबायचे आणि मी तसाच पुढे जायचो. आयुष्यभर शाळेत मुलांना सांगत आलो की शंका असेल तर विचारा. माझी शंका मात्र कुणाला विचारावी हे कळत नव्हतं. जिने एकही चतुर्थी चुकवली नाही, तिलाच इतक्या लवकर का नेलं?

आमच्याकडे एक जुनी टर्बो डिझेल जीप आहे. ती खरं तर तिचीच. पत्नी हसनाबादच्या आरोग्य केंद्रात नर्स होती, गावोगाव फिरायची, आणि गाडी तीच चालवायची. सुट्टीला बरोबर गेलोच तर मी शेजारी बसणारा. इंजिनाचा आवाज जरा बदलला की ती माझं बोलणं हाताने थांबवून ऐकायची आणि म्हणायची, फिल्टर बघायला झाला. ती गेल्यावर जीप जालन्यात घरामागच्या पत्र्याखाली जवळपास दोन वर्षं उभी राहिली. विकायचं मन झालं नाही, चालवायचंही नाही. सीट तिच्या उंचीला पुढे ओढलेली होती. कधी नुसता आत जाऊन बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागायचे, पण सीट मागे सारायला हात उचलायचा नाही.

मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, हसनाबादच्या पुढच्या एका खेड्यात राहायच्या. ऐंशी पार केलेल्या, गुडघ्यांनी हैराण. त्यांच्या मुलाने त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. जायच्या आधीच्या आठवड्यात संकष्टी होती. त्यांचा फोन आला.

"बापू, एकदा राजूरला नेता का मला? माझ्या लेकीच्या गाडीत."

मी म्हणालो, ती गाडी धड नाही, दुसरी चांगली गाडी करून नेतो. मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या गाडीत नगं. मंग राहू द्या."

त्यांच्या मागण्यात हट्ट नव्हता, म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. नवी बॅटरी घालून मी जीप बाहेर काढली आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. गाडी झटकन चालू व्हायची, अर्धा तास सुरेख पळायची. मग हळूहळू ओढ कमी व्हायची. ॲक्सिलरेटर दाबला तरी टर्बोचा जोर येत नसे, चढाला इंजिन घुसमटायचं आणि बंद पडायचं. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालू. जालन्यात तिघांना दाखवली. पहिल्याने डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्याने डिझेलच्या लाइनने एअर, म्हणजे हवा, धरली म्हणून पाइप काढून क्लिपा घट्ट केल्या, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ केले. तिसऱ्याने हात टेकले आणि डिझेलचा पंप उतरवून बाहेर पाठवावा लागेल, पंधरा दिवस लागतील, असं सांगितलं. पंधरा दिवस माझ्याकडे नव्हते.

चतुर्थीच्या सकाळी मी थांबत थांबत मामींच्या गावी पोचलो. त्यांनी हिरवं लुगडं नेसलेलं, हातात दुर्वांची जुडी. पुढच्या सीटवर बसल्या आणि डॅशबोर्डवर तळवा ठेवून तसाच राहू दिला. मी गाडी सुरू केली. हसनाबाद मागे पडलं आणि राजूरच्या रस्त्याला थोडं गेल्यावर, भर दुपारी, इंजिन धापा टाकू लागलं. गाडी कशीबशी कडेला घेतली, तोवर ते बंद पडलं. थांबून पुन्हा चालू केली, शंभर पावलं गेली, एका कडुलिंबाखाली पुन्हा बंद. तिसऱ्यांदा चालूच झाली नाही.

मामींचा उपवास, ऊन, आणि त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत. बॉनेट उघडून मी नुसताच आत बघत उभा राहिलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. जिला कळायचं ती नव्हती. तिची आठवण रोज येते, पण त्या घटकेला ती जशी हवीशी झाली तशी गेल्या दोन वर्षांत झाली नव्हती. नुसती शेजारी येऊन उभी राहिली असती तरी पुरे होतं. आणि मग न ठरवता माझ्या तोंडून हळूच निघालं, "मला नाही जमत. आता तू बघ." कुणाला म्हणालो ते आजही सांगता येत नाही. देवाला असेल, तिला असेल.

रस्त्यापलीकडे निळ्या रंगाचं छोटं घर होतं. तिथून साठीचे एक गृहस्थ बनियनवर उपरणं टाकत आले. सुखदेव त्यांचं नाव. एसटीच्या वर्कशॉपात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी आधी मामींना उतरवून घराच्या ओसरीवर बसवलं, बायकोला पाणी द्यायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. मी शाळामास्तर, इंजिनातलं काही कळत नाही, असं त्यांना सांगितलं. गाडीला हात न लावता त्यांनी प्रश्न विचारले. गार असताना कशी चालू होते? बंद पडायला किती वेळ लागतो? धूर कसला? उभी ठेवली की आपोआप बरी होते का?

"अर्ध्या तासानं बंद पडती आणि उभी राह्यली की बरी होती," ते म्हणाले. "मंग पंप खराब न्हाई, गुरुजी. खराब पंप असा थांबून बरा होत नसतो."

त्यांनी फिल्टरवरचा, डिझेल हाताने वर ओढायचा छोटा हातपंप दाबला. दोनदा दाबल्यावर त्याची दांडी खाली गेली आणि वर आलीच नाही. "बघा, ओढून राह्यलाय, पण टाकीतून डिझेल येऊन न्हाई राह्यलं." फिल्टरचा स्क्रू सैल करून पाहिला, बुडबुडे नव्हते. म्हणजे एअर नव्हती. मग ते मागे गेले, टाकीच्या झाकणाला कान लावल्यासारखे वाकले आणि झाकण हळूच फिरवलं. आत हवा ओढली जाण्याचा लांब आवाज आला, सुस्काऱ्यासारखा, आणि बराच वेळ येत राहिला. पुढे येऊन त्यांनी पुन्हा हातपंप दाबला. आता दांडी भरून वर आली.

टाकीतलं डिझेल जसं कमी होतं तशी तिथे बाहेरची हवा जावी लागते. त्यासाठी एक बारीक रबरी नळी असते. ती त्यांनी चाकामागून शोधून काढली, तार घातली. तारेबरोबर कोरडी माती बाहेर पडली. कुंभारीण माशीने नळीत घर केलं होतं. हवा आत जाईना म्हणून टाकी डिझेल सोडत नव्हती, आणि गाडी उभी राहिली की मातीतून झिरपून थोडी हवा जायची.

"गाडी लई दिवस उभी ठेवल्ती का?"

"दोन वर्षं होत आली."

"मंग बराबर. गॅरेजवाले धा मिन्टं चालवून पाहत्यात. तेवढ्यात हिला काहीच होत न्हाई."

नळी साफ करून, हातपंपाने डिझेल वर आणून त्यांनी मला चावी फिरवायला सांगितली. इंजिन एका दमात चालू झालं. ते क्षणभर ऐकत उभे राहिले. तसं कान देऊन ऐकताना मी आजवर एकच माणूस पाहिलं होतं. मग ते म्हणाले, "ही गाडी माझ्या वळखीची हाये. दर चतुर्थीला इथून जायची. बाई एकट्याच चालवत यायच्या. आमच्या हिला दोनदा राजूरच्या दवाखान्यात सोडलंवतं त्यांनी. बऱ्याच दिसापून दिसल्या न्हाईत. बदली झाली का?"

मी इंजिन बंद केलं. ओसरीवरून मामी म्हणाल्या, "माझी लेक व्हती ती."

सुखदेवभाऊंनी उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतलं. त्यांची पत्नी आतून आली आणि मामींजवळ खाली बसली. तिने मामींचा हात हातात घेतला. मीही ओसरीवर जाऊन बसलो. घरात बुद्धांची तसबीर होती, समोर मेणबत्ती. दोन वर्षं मला वाटत होतं की ही उणीव माझ्या घरापुरतीच आहे. या रस्त्यावरही कुणी तिची वाट पाहत होतं, हे मला त्या दुपारी समजलं.

निघताना मी म्हणालो, देवानेच तुम्हाला धाडलं. ते हसले. "मी काई देवाला जात न्हाई, गुरुजी. घर समोर हाये म्हणून आलो." त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि माझंही.

ऊन उतरता राजूरला पोचलो. मामींना पायऱ्या चढवायला दोन अनोळखी बायांनी हात दिला. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा दोन वर्षं साठवलेली तक्रार ओठांवर येईल असं वाटलं होतं. आली नाही. तिला का नेलं, याचं उत्तरही मिळालं नाही. फक्त डोळे भरून आले आणि ते पुसावेसे वाटले नाहीत. मामींनी दुर्वा वाहिल्या. मी विचारलं, काय मागितलं? "मागायला न्हाई आल्ते," त्या म्हणाल्या. "लेक जिथं यायची तिथं एकदा बसायचं व्हतं."

मामी आता पुण्यात आहेत. मी आता दर चतुर्थीला राजूरला जातो. देवाने काय केलं आणि माणसाने काय केलं याची वाटणी मी करत बसत नाही. तिची ओढ कमी झालेली नाही, आणि ती कमी व्हावी असं मी मागतही नाही. माझ्या हातात नाही ते सोडून देणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे, एवढं त्या लिंबाखाली कळलं. त्यासाठी मी कृतज्ञ आहे, सुखदेवभाऊंचा आणि ज्याचा असेन त्याचा.

मागच्या संकष्टीला हसनाबादच्या फाट्यावर दोन म्हाताऱ्यांनी जीप ओळखून हात केला. खिडकीतून आत डोकावून एकीने विचारलं, "बाई न्हाईत का आज?"

"न्हाईत," मी म्हणालो, आणि मागचं दार उघडलं. "बसा, मी सोडतो."